अलमेलूच्या पोटातलं मीठ

कुंभकोणममध्ये घरोघरी पितळेची भांडी सापडतील, एखाद्या घरात वीणा सापडेल. शिडाची होडी मात्र एकाच घरात होती, आणि ती त्या घरात कुणालाच चालवता येत नव्हती. एकीला येत होती, पण तिला बासष्ट वर्षांपूर्वी लग्न करून पापनाशमला देऊन टाकलं होतं.

होडी बालकृष्णरावांच्या वडिलांची. स्वामीनाथराव नागपट्टिणमच्या बंदर-कचेरीत कारकून होते. आता खरं सांगायचं तर तंजावरकडच्या या मराठी मंडळींचा पाण्याशी संबंध संध्येच्या पळीपुरता. राजांच्या मागून इकडे आले ते दौत, पोथी आणि सोवळं घेऊन; होडी घेऊन कुणी आलं नव्हतं. पण स्वामीनाथरावांना समुद्राचं वेड लागलं. कोळ्यांकडून ते शीड बांधायला शिकले, तिथल्याच एका सुताराकडून सतरा फुटांची होडी बांधून घेतली आणि तिला आपल्या आईचं नाव दिलं, अलमेलू. कुंभकोणमला बदली झाली तेव्हा घरचं सामान मागून आलं, होडी लॉरीवरून आधी आली. घराचं परस थेट कावेरीच्या पायऱ्यांपर्यंत होतं, तिथे त्यांनी पत्र्याची शेड घातली.

कावेरी म्हणजे वर्षातले सात-आठ महिने नुसती वाळू. मेट्टूरचं धरण उघडलं की पाणी येतं, आणि जुलै-ऑगस्टमधल्या आडी या तमिळ महिन्याच्या अठराव्या दिवशी बायका घाटावर जाऊन भरल्या नदीची ओटी भरतात. त्याच दिवसांत वाराही सुटतो. आडीच्या वाऱ्यात पाटा-वरवंटासुद्धा उडतो म्हणतात इकडे. वारा पश्चिमेचा, प्रवाहही पूर्वेला. तेव्हा दर वर्षी अठराव्याला, पूजा झाली की, स्वामीनाथराव अलमेलू पाण्यात घालत आणि सगळं घर घेऊन तिरुविडैमरुदूरला जात. दीड तासाचं पाणी. तिथे आत्याकडे जेवायचं आणि होडी बैलगाडीवर चढवून परत यायचं. "जाणं वाऱ्याचं, येणं बैलाचं," असं ते म्हणत.

सुकाणू धरायची ती गोमती, त्यांची थोरली. वयाच्या नवव्या वर्षापासून. धाकटा बाळू, म्हणजे आपले बालकृष्णराव, चित्रान्नाचा डबा पोटाशी धरून होडीच्या तळाशी बसायचा आणि तिरुविडैमरुदूर येईपर्यंत डोळे गच्च मिटून घ्यायचा. अक्का ओरडून सांगायची, बाळू, बगळे पाहा, बाळू, देवळाचें गोपुर दिसलें. बाळूनं आयुष्यात ते गोपुर नदीतून पाहिलं नाही.

सतराव्या वर्षी गोमतीचं लग्न झालं. पापनाशम काही सातासमुद्रापलीकडे नाही, आगगाडीनं वीस मिनिटं. पण आडी अठरा तिथल्या घाटावरही असते आणि सासरी सून हजर लागते. पुढल्या वर्षीं येईन हं, असं ती दर वर्षी कळवायची. अशी बासष्ट पुढली वर्षं गेली. मूलबाळ झालं नाही, नवरा गेला, आणि या वर्षी पोंगलच्या सुमारास धाप लागून पडली तेव्हा बालकृष्णरावांनी तिला आपल्या घरी आणलं.

डॉक्टरांनी पडद्यावर तिचं हृदय दाखवलं. चौथा हिस्सा चालतोय म्हणाले, बाकीचा नुसता सोबतीला आहे. मीठ बंद. पायांवरची सूज, छातीतलं पाणी, सगळं मिठानं वाढतं. दीपावलीपर्यंत राहतील का, असं बालकृष्णरावांनी विचारलं, तर डॉक्टर औषधांचा कागद लिहीत राहिले.

बालकृष्णरावांच्या बायकोनं, कृष्णवेणीनं, त्या दिवसापासून अक्काचा स्वैपाक वेगळा केला. गोमती तो बिनमिठाचा सांबार-भात मुकाट्यानं खायची. "ओप्पिलियप्पनची भक्त झालें," एवढंच म्हणायची. कुंभकोणमजवळचा तो विष्णू बिनमिठाचाच नैवेद्य घेतो. त्याची कोवळी बायको स्वैपाकात मीठ घालायचं विसरायची, आणि देवानं ते गोड मानून घेतलं. मिठाचा पदार्थ त्याच्या देवळात नेणंसुद्धा पाप.

जूनमध्ये धरण उघडल्याची बातमी आली. त्या संध्याकाळी गोमतीनं भावाला हाक मारली.

"बाळू, एक मागूं काय?"

बालकृष्णराव चपापले. अक्कानं कधी काही मागितल्याचं त्यांना आठवेना.

"माग कीं."

"ह्या अठराव्याला मला अलमेलूंत घालून तिरुविडैमरुदूरला नेशील? एकदां. सुकाणू मी धरतें. हातांत तेवढें बळ आहे अजून."

"त्यांत काय अवघड? नेतों," बालकृष्णराव म्हणाले. आणि त्यांना ते खरंच अवघड वाटलं नव्हतं. कारण एकोणपन्नास वर्षं त्यांनी ती होडी देवासारखी सांभाळली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची शेडच्या दारात मांडून त्यांनी अक्काला बसवलं आणि होडीवरची ताडपत्री ओढली. अलमेलू तेलानं चकचकत होती. पुढच्या टोकाला, नाळेवर, हळदीचे पट्टे, कुंकवाचे ठिपके, वर वाळलेला झेंडूचा हार. बालकृष्णरावांची छाती फुगली. शाळेत बक्षीस मिळालेलं पोर आईकडे पाहतं तसे ते अक्काकडे पाहत राहिले.

गोमती उठली. होडीच्या कडेला हात लावला, तो नाकाशी नेला. मग वाकून फळ्यांच्या फटीतून आत पाहिलं.

"मीठ नाहीं," ती म्हणाली.

"तें तुझ्यासाठीं काढलें कीं, अक्का. अम्मानें कळवलें होतें तुला."

"होय. कळवलें होतें." ती परत खुर्चीत बसली. मग म्हणाली, "रंग छान ठेवलास."

मिठाची गोष्ट अशी. स्वामीनाथरावांनी होडीच्या तळाशी, बरगड्यांच्या मधल्या खणांत, जाडं मीठ ठासून भरलं होतं. वर फळ्या, आणि फळ्यांवर माणसांचे पाय. कशाला, हे ते घरात समजावत बसले नाहीत. ते गेले तेव्हा मीठ तसंच होतं. त्यानंतर वर्षभरानं गोमतीच्या सासूनं पापनाशमहून निरोप धाडला. लग्नाला तेरा वर्षं झाली, पोर नाही; होणार कसं? तुमची मुलगी लहानपणापासून मिठावर पाय देऊन बसत होती. मीठ म्हणजे लक्ष्मी. लक्ष्मीला लाथाडून कुणाची कूस उजवते?

अम्मानं, म्हणजे गोमतीच्या आईनं, ते मनाला लावून घेतलं. ओप्पिलियप्पनला जाऊन नवस बोलली, की घरातलं पायाखालचं मीठ काढीन, माझ्या पोरीची ओटी भर. आणि काढायचं काम अर्थातच तेवीस वर्षांच्या बाळूकडे आलं. त्यानं चार पोती काळंमिचकूट मीठ उपसून कावेरीत सोडलं. मग कावेरीच्याच गोड पाण्याच्या चाळीस घागरी ओतून होडीचं पोट धुतलं, आणि खणाखणात तिळाचं तेल सोडलं, देवाच्या मूर्तीला चढवतात तसं. तेव्हापासून दर आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, कावेरीचं पाणी, हळद, तेल, हार, आणि वरून ताडपत्री. शेडचं दार बंद, म्हणजे धूळ नको.

गोमतीला मूल झालं नाही ते नाहीच. पण बालकृष्णरावांनी नेम मोडला नाही. बँकेत नोकरी केली, मुलीला शिकवून चेन्नईला धाडलं, स्वतः म्हातारे झाले. पूजा चुकवली नाही. होडी पाण्यात मात्र घातली नाही. एकदा घातली होती, एक्क्याऐंशी साली, तर शंभर हातांवर वाळूत रुतली आणि घाटावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पूजा सोपी असते हो. तिला वारा कळावा लागत नाही.

पाणी यायला अजून आठ-दहा दिवस होते. कुठे फट असली तर बुजवून घ्यावी म्हणून बालकृष्णरावांनी नागपट्टिणमला निरोप पाठवला आणि कलियपेरुमाळ नावाचा सुतार बसनं आला. साठीचा, काळा, बोलायला कमी. त्यानं आधी नाळेवरची हळद अंगठ्यानं पुसली, खाली कोरलेली माशाची खूण पाहिली आणि तिला हात जोडले. "माझ्या बापाच्या हातची आहे," तो तमिळमध्ये म्हणाला.

मग तो हातोडीच्या दांड्यानं फळ्यांवर ठोकत निघाला आणि कान लावून ऐकू लागला. वरच्या फळ्या टणक वाजल्या. बालकृष्णराव मान डोलावत मागे मागे चालले होते. तळाकडे आवाज बदलला. कलियपेरुमाळनं पिशवीतून टोकदार सळई काढली आणि कण्यात टोचली. सळई मुठीपर्यंत आत गेली. त्यानं ती बाहेर ओढली, दुसऱ्या जागी टोचली, तिसऱ्या जागी टोचली. सळईच्या टोकाला तेलकट, तपकिरी भुगा आला. तो त्यानं बालकृष्णरावांच्या तळहातावर ठेवला. त्याला खवट तेलाचा वास होता.

"मीठ कुणी काढलं, सार?"

बालकृष्णरावांनी सांगितलं. नवस, चाळीस घागरी, तेल, सगळं. सांगताना आवाजात थोडा अभिमानही होता, तो शेवटी शेवटी कमी होत गेला.

कलियपेरुमाळ उकिडवा बसून ऐकत होता. "समुद्रातली होडी शंभर वर्षं जगते ती मिठावर," तो म्हणाला. "खाऱ्या पाण्यात लाकडाला बुरशी धरत नाही. नदीच्या गोड पाण्यात धरते. म्हणून नदीवर जाणाऱ्या होडीच्या पोटात माझा बाप मीठ भरायचा, म्हणजे तिला समुद्रातच असल्यासारखं वाटावं. तुम्ही ते काढलंत, गोड पाणी पाजलंत, आणि वरून तेल लावून तोंड बांधलंत. आत गेलेला ओलावा बाहेर येईल कुठून? तिळाचं तेल वाळतही नाही, सार. पन्नास वर्षं बुरशीला तुम्ही जेवू घातलंत."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आपण हसून म्हणतो. बालकृष्णरावांना हसू आलं नाही.

"दुरुस्त होईल ना?"

"काय दुरुस्त करू? कणा नाही, बरगड्या नाहीत. वरचा रंग आहे. या नमुन्याची नवी बांधायची तर सहा महिने द्या, लाकूड मिळालं तर."

"मला दीड तास पुरे," बालकृष्णराव म्हणाले. "जन्मभर नको. एकदा तिरुविडैमरुदूरला पोचली की बस. काहीतरी ठोकून द्या."

"माणूस बसणार आहे का तिच्यात?"

"माझी अक्का."

कलियपेरुमाळनं सळई पुसून पिशवीत ठेवली. "मग नाही ठोकणार." जाताना भिंतीवर टांगलेलं सुकाणू त्यानं काढून पाहिलं, बोटानं वाजवलं. "हे तेवढं शाबूत आहे," तो म्हणाला. "याची पूजा करायची राहिली वाटतं." यात टोमणा होता की नाही कोण जाणे. तो दोन्ही वेळा बालकृष्णरावांच्या काळजात गेला, ऐकताना आणि नंतर आठवताना.

घरात अक्का वाट पाहत होती. "काय म्हणाला?"

"थोडें काम आहे म्हणाला. होईल."

"होईल," गोमती म्हणाली, आणि कुशीवर वळली.

पुढचे सहा आठवडे बालकृष्णरावांनी जे केलं त्याला शहाणपण म्हणता येणार नाही. बहात्तर वर्षांचा माणूस, ज्यानं घरात कधी खिळा ठोकला नाही, तो सकाळी कॉफी घेतली की शेडमध्ये जायचा तो जेवायलाच बाहेर यायचा. त्यांनी धुण्याच्या सोड्यानं तेल खरवडलं. तेलाबरोबर लाकूडही निघालं. भोकांत कापूस आणि वितळवलेली राळ भरली. तळाला आतून प्लायवुडच्या पट्ट्या बसवल्या. स्क्रू धरेनात, तेव्हा सुतळीनं आवळल्या. आणि हे सगळं झाल्यावर मोठ्या बाजारातून जाडं मीठ आणून खणाखणांत भरलं. बैल गेला आणि झोपा केला, पण करताना त्यांचे डोळे भरून आले होते.

"अहो, मधेच बुडाली तर?" कृष्णवेणीनं एकदा शेडच्या दारातून विचारलं.

"कमरेएवढें पाणी असतें."

"अक्काच्या कमरेएवढें कीं तुमच्या?"

बालकृष्णराव सुतळी आवळत राहिले. त्यांना रात्रंदिवस एकच गोष्ट दिसत होती: अक्का मागच्या टोकाला बसलीय, हातात सुकाणू आहे, आणि या खेपेला आपण डोळे उघडे ठेवलेत. एवढं एक झालं असतं तर एकोणपन्नास वर्षांची पूजा फुकट गेली नाही असं त्यांना म्हणता आलं असतं. अक्कासाठीच मीठ काढलं होतं. ते तिच्याच कामी येऊ नये, असा कोणता देव आहे?

नदीला पाणी आलं. आधी वाळूत पिवळी रेघ, मग चिखल, मग काठोकाठ. आडी लागली तसा वाराही लागला. शेडचे पत्रे थडथडू लागले. गोमतीची सूज गुडघ्यांवर चढली होती. ती आता बसूनच झोपायची. पण वाऱ्याचा जोर वाढला की डोळे न उघडता म्हणायची, "पश्चिमेचा आहे. ठीक आहे."

आडीच्या सतराव्या दिवशी सकाळी शेजारचे शामसुंदर मदतीला आले. निवृत्त मास्तर, वय अडुसष्ट, उत्साह दांडगा, कंबर धरलेली. दोघांनी मिळून होडीची ढकलगाडी अंगणात ओढली. आता डोलकाठी बसवायची. तिचं बूड कण्यातल्या खाचेत उतरवायचं असतं, आणि मग दोरांनी ताणून ती उभी राहते. दोन म्हाताऱ्यांनी ती सोळा फुटांची काठी कशीबशी उभी केली. शामसुंदर म्हणाले, सोडूं काय? बालकृष्णराव म्हणाले, सावकाश सोडा.

त्यांनी सोडली. काठी खाचेत बसली, क्षणभर थांबली, आणि तशीच खाली गेली. मोडल्याचा आवाज आला नाही. भिजल्या पोळीतून बोट जावं तशी ती कण्यातून, प्लायवुडमधून, रंगातून आरपार गेली आणि खालच्या फरशीवर आपटली. मागोमाग भोकातून मीठ गळायला लागलं. पांढरं, स्वच्छ, नुकतंच भरलेलं मीठ, बराच वेळ गळत राहिलं. शामसुंदर पाय उचलून बाजूला झाले. मिठावर पाय पडू नये म्हणून.

"बाळू," घरातून आवाज आला, "काठी उतरली काय?"

थोड्या वेळानं कृष्णवेणीच्या दंडाला धरून गोमती अंगणात आली. दहा पावलांना दोनदा थांबली. होडीकडे पाहिलं, खालच्या ढिगाकडे पाहिलं. शामसुंदर तेवढे समजूतदार निघाले, घरी निघून गेले.

"अक्का," बालकृष्णराव म्हणाले. "मी मीठ काढलें म्हणून झालें हें. सुतारानें त्याच दिवशीं सांगितलें होतें. मी तुझ्याशीं खोटें बोललों."

"ठाऊक आहे."

"कृष्णवेणीनें सांगितलें?"

"अप्पांनीं सांगितलें. मी दहा वर्षांची असतांना. गोमती, म्हणाले, मीठ आहे तोंवर अलमेलूला मरण नाहीं. सुकाणू धरणाऱ्याला एवढें ठाऊक पाहिजे." ती खुर्चीत बसली आणि श्वास जमवू लागली. "अम्माचें कार्ड आलें होतें, मीठ काढण्याआधीं आठ दिवस. नवस बोललें आहे, बाळू काढणार आहे. मला एक ओळ लिहायची होती, कीं काढूं नका, होडी मरेल. कार्ड घेऊन दोन दिवस बसलें. लिहिलें नाहीं."

"कां?"

"मला लेंकरूं हवें होतें, बाळू. सासू रोज बोलायची. मला वाटलें, काय ठाऊक, खरेंच मिठानें असेल. होडी जाईल तर जाऊं दे म्हटलें. अप्पांची होडी मींच घालवली. तूं नुसतें उपसलेंस."

बालकृष्णरावांना राग आला. हे सांगायला नको, पण आला. एक ओळ! पन्नास वर्षं आपण त्या बुरशीला हळदकुंकू वाहत होतो, आणि हिला ठाऊक होतं.

"मग या खेपेला मागितलेंस कशाला?" ते जवळजवळ ओरडले. "त्या दिवशीं शेडमध्यें पाहिलेंस कीं मीठ नाहीं. तेव्हां तरी सांगायचें! मी सहा आठवडे—"

"तूं पन्नास वर्षें पूजा केलीस," गोमती म्हणाली. "म्हटलें, एखादे वेळीं देवानें ऐकलेंही असेल."

बालकृष्णराव ढकलगाडीच्या चाकावर बसले. वाऱ्यानं सैल सुटलेला दोर काठीवर आपटत होता, तो बांधायलाही ते उठले नाहीत. कृष्णवेणीनं केरसुणी आणली, मग मीठ केरसुणीनं लोटायचं कसं म्हणून ती हातानंच सुपात भरत राहिली.

दुसऱ्या दिवशी आडी अठरा. पहाटेपासून घाटावर गर्दी. बायका नदीला पिवळे दोरे, काळ्या बांगड्या, फळं वाहत होत्या. पोरं लाकडी रथ दोरीनं ओढत गल्लीतून धावत होती. बालकृष्णराव सकाळी अक्काच्या खोलीत गेले. ती जरीची हिरवी साडी नेसून बसली होती.

"पायऱ्यांपर्यंत तरी ने," ती म्हणाली.

बालकृष्णराव आणि शामसुंदर यांनी तिला खुर्चीसकट उचलून परसातून घाटावर नेलं. वजन असं काही नव्हतंच, जे होतं ते पायांतलं पाणी. वरच्या पायरीवर, पिंपळाच्या सावलीत खुर्ची ठेवली. खाली तांबूस, भरलेली नदी जोरात चालली होती. वारा एवढा की बायकांचे दिवे पेटत नव्हते. गोमतीनं तोंड वाऱ्याकडे केलं, मग मान वळवून पूर्वेला पाहिलं, जिकडे पाणी वळण घेऊन नाहीसं होतं.

"आज तासाभरांतच गेलें असतें," ती म्हणाली.

बालकृष्णराव शेजारी पायरीवर बसले. काल आलेला राग रात्रीतच गेला होता. त्या जागी आता काहीच नव्हतं; पुढल्या वर्षी असं म्हणायचीही सोय नव्हती. त्यांना वाटलं, एक्क्याऐंशी साली वाळूत रुतलो तेव्हा बायका हसल्या म्हणून सोडायला नको होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घालायला हवी होती. पापनाशमला जाऊन अक्काला हाताला धरून आणायला हवं होतं, सासू बोंबलली असती तर बोंबलली असती. हे सगळं करता येण्यासारखं होतं. करायला फक्त आपण हवे होतो.

कृष्णवेणीनं केळीची पानं मांडली आणि डबे उघडले. चिंचेचा भात, नारळाचा भात, दहीभात, आणि आंब्याचं लोणचं. अक्काचा छोटा डबा वेगळा, बिनमिठाचा. तो तिनं अक्काच्या हातात दिला.

गोमतीनं तो उघडला, पाहिला आणि झाकण लावून खाली ठेवला. "मला तें दे," ती भावाच्या पानाकडे बोट करून म्हणाली. "चिंचेचा."

"अक्का, डॉक्टरांनीं काय सांगितलें आहे?" कृष्णवेणी म्हणाली. "ह्यांत मीठ आहे. रात्रीं श्वास लागेल तुम्हांला."

"वेणी, मीठ काढून काय उरतें तें काल अंगणांत पाहिलेंस कीं."

कृष्णवेणीनं नवऱ्याकडे पाहिलं. नाही म्हणा, असं ती डोळ्यांनी सांगत होती, आणि तिचं बरोबर होतं. बालकृष्णरावांना डॉक्टरांचा पडदा आठवला, त्यावरचं ते अर्धवट हलणारं हृदय आठवलं. अक्काच्या मायेपोटी आपण एकदा मीठ काढलं आणि होडी मारली. आता तिच्याच मायेपोटी मीठ वाढणार आहोत. कशानं काय होतं, हे या खेपेला त्यांना चांगलं ठाऊक होतं.

त्यांनी आपलं पान उचलून तिच्या मांडीवर ठेवलं.

गोमतीनं पहिला घास घेतला आणि तो बराच वेळ तोंडातच ठेवला. मग भरभर जेवली. लहानपणी होडीत जेवायची तशी, एका हातानं. दुसरा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट होता आणि नजर पाण्यावर. भात संपला तेव्हा तिनं बोटं चाटली.

"लोणचें आहे काय?"

बालकृष्णरावांना डोळे मिटून घ्यावेसे वाटले. त्यांनी मिटले नाहीत. त्यांनी बरणीचं झाकण काढलं आणि तिच्या पानावर लोणच्याची एक मोठी फोड वाढली, खाराच्या रसासकट.